सोलरवर ई-सायकल, स्कूटर चार्ज करायचीय? आधी गाडी दुपारी कुठे असते ते बघा

सोलरवर गाडी चार्ज करायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॉटचं पॅनल घेऊ?" अहो, पॅनलचा आकडा शेवटी येतो, आणि तो साध्या गुणाकार-भागाकारात निघतो. त्याआधी एकच गोष्ट बघायची, ऊन चांगलं असतं त्या वेळात, म्हणजे साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन, गाडी नक्की कुठे उभी असते? घरी असेल तर काम सोपं. कामाच्या ठिकाणी बेसमेंटमध्ये असेल तर गच्चीवर कितीही पॅनल लावा, ती वीज आधी कुठेतरी साठवायला लागणार, आणि साठवणूक आली की खर्च, वजन आणि वाया जाणारी वीज तिन्ही आलं. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते या एका प्रश्नाला धरूनच वाचा.

आणि हे सगळं हलक्या गाड्यांबद्दल आहे. ई-सायकल, किक स्कूटर, इलेक्ट्रिक स्कूटर, फार तर तीनचाकी. कारचं गणित वेगळं असतं, ते इथे नको.

गाडी किती खाते

बॅटरीवरचं लेबल बघा. व्होल्ट गुणिले अँपियर-अवर केलं की वॉट-अवर मिळतात. ३६ व्होल्ट १० अँपियर-अवरची सायकल बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर, ४८ व्होल्ट १३ अँपियर-अवर म्हणजे ६२४, आणि ६० व्होल्ट ३० अँपियर-अवरची स्कूटर बॅटरी म्हणजे १८००, म्हणजे पावणेदोन युनिटच्या थोडं वर. १००० वॉट-अवर म्हणजे एक युनिट, वीजबिलावर असतं तेच.

पण पॅनल काही बॅटरीच्या साइजवर ठरवायचं नसतं, तुम्ही रोज किती वापरता त्यावर ठरवायचं. पॅडल मारत चालवली तर ई-सायकल किलोमीटरला ८ ते १२ वॉट-अवर घेते, नुसत्या थ्रॉटलवर १५ ते २०, स्कूटर २५ ते ४०, आणि भरलेली तीनचाकी ५० च्या पुढे सहज जाते. चढ, वारा, मागे बसलेला माणूस, टायरमधली हवा, सगळ्याने हा आकडा हलतो म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो चार्जरच्या आधी लावून आठवडाभर नोंद ठेवा की झालं. फक्त लक्षात ठेवा, हा मीटर भिंतीतून किती वीज आली ते दाखवतो, चार्जरमध्ये उष्णता होऊन गेलेली वीजही त्यात आलीच. बॅटरीत त्यातली ८५-९० टक्केच पोचते.

पॅनल खरंच किती देतं

पॅनलवर १०० वॉट लिहिलेलं असतं ते लॅबमधल्या परिस्थितीतलं, चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. प्रत्यक्षात कडक उन्हात पॅनलचे सेल ५५-६० अंशाला जातात आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के पॉवर कमी होते, म्हणजे इथेच १०-१२ टक्के गेले. वर धूळ, वायरमधली घट, कोन थोडा चुकलेला. एकूण ७५ टक्के धरून चला, निराशा होणार नाही.

दुसरा आकडा म्हणजे दिवसाचे 'पूर्ण उन्हाचे तास'. ऊन बारा तास दिसलं तरी सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन मिळून ते भर दुपारच्या चार-पाच तासांएवढंच भरतं. साडेचार धरा. म्हणजे १०० गुणिले ४.५ गुणिले ०.७५, साधारण ३३५ वॉट-अवर. शंभर वॉटच्या पॅनलमागे दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास, हा आकडा डोक्यात पक्का बसवा, बाकी सगळं त्यातून निघतं. दाट ढग आले की हेच पाव होतं, कधी त्याहून कमी.

आता उदाहरण घेऊ. सायकल, रोज १५ किलोमीटर, १२ च्या हिशोबाने १८० वॉट-अवर. थेट डीसी चार्जिंग केलं (म्हणजे पॅनलची वीज घरच्या लाइनसारखी एसी न करता, कसं ते पुढे येतंय) तर वाटेत १० टक्के जातात, म्हणजे पॅनलमधून २०० लागणार. ६० वॉटचं पॅनलसुद्धा पुरतं, ढगाळ दिवसाची सोय म्हणून १०० वॉट घ्या. स्कूटर, रोज ३० किलोमीटर, ३० च्या हिशोबाने ९००. ही बॅटरी-इन्व्हर्टर-चार्जर अशा लांब रस्त्याने चार्ज केली तर पॅनलपासचे १०० वॉट-अवर गाडीत पोचेपर्यंत ६५-७० च उरतात, म्हणजे पॅनलमधून १३०० च्या वर पाहिजेत आणि पॅनल किमान ४०० वॉटचं. सतत आकाशाकडे बघायचं नसेल तर ५४० च्या आसपासचं एक मोठं पॅनल.

वीज कुठल्या रस्त्याने न्यायची

घरावर ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वीजलाइनला जोडलेलं सोलर आधीच असेल तर तुम्हाला या लेखातला फार थोडाच भाग लागणार. गाडीचा ओरिजिनल चार्जर भिंतीतल्या प्लगमध्ये लावा आणि फक्त वेळ बदला, रात्री लावत होता ते दुपारी लावा. गाडी घरी असून दुपारी कोणी प्लग लावायला नसेल तर टायमरवाला प्लग वापरा, फक्त तो तुमच्या चार्जरचा करंट सहज पेलणारा असू दे. नेट मीटरिंग (बाहेर दिलेली युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात ती सोय) असेल तर रात्री चार्ज केलं तरी बिलाचा हिशोब जुळतो, पण जिथे बाहेर दिलेल्या युनिटला कमी भाव मिळतो आणि घेतलेल्याला जास्त द्यावा लागतो तिथे दुपारीच वापरलेलं शहाणपणाचं. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीतच नसते, ग्रिडची वीज गेली की साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी. हा बिघाड नसून मुद्दाम केलेली सोय आहे, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून. वीज गेल्यावरही गाडी चार्ज व्हायला हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागणार.

ग्रिडचा संबंध नको असेल तर नेहमीचा मार्ग म्हणजे पॅनल, चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा), बॅटरी, इन्व्हर्टर, आणि मग गाडीचा चार्जर. फायदा असा की गाडीला हात लावावा लागत नाही, वॉरंटीला धक्का नाही, संध्याकाळी आल्यावर चार्ज करता येतं. तोटा म्हणजे प्रत्येक पायरीवर काहीतरी कापलं जातं. कंट्रोलरमध्ये ५ टक्के, साठवण्यात ५ ते १० (लेड-अॅसिड असेल तर २० च्या पुढे), इन्व्हर्टरमध्ये १०-१२, गाडीच्या चार्जरमध्ये परत तेवढंच. आणि वेडेपणा बघा, डीसी वीज आपण एसी करतो, आणि चार्जर ती लगेच परत डीसी करतो.

या रस्त्यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट इन्व्हर्टरची स्वतःची भूक. हजार वॉटच्या आसपासचा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॉट खात बसतो. १५ धरा, चोवीस तासांचे झाले ३६०. म्हणजे एका सायकलची पूर्ण बॅटरी रोज हवेत. म्हणून चार्जिंग संपलं की इन्व्हर्टरचं बटण बंद, आणि सारखं विसरायला होत असेल तर स्टँडबाय मोडवाला घ्या. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, मॉडिफाइड साइन वेव्हवर काही चार्जर गुणगुणतात, जास्त तापतात, काही चालतच नाहीत.

साठवण बॅटरी नवीनच घेताय तर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ व्होल्ट १०० अँपियर-अवरमध्ये १२८० वॉट-अवर असतात आणि त्यातले बहुतेक सगळे वापरता येतात. त्याच आकड्याची लेड-अॅसिड निम्मीच वापरायची असते, रोज पूर्ण रिकामी केली की लवकर बसते. म्हणजे दिसायला स्वस्त, हिशोबाला नाही.

हे सगळं एका खोक्यात हवं असेल तर पोर्टेबल पॉवर स्टेशन. कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर आतच असतं. वायरिंगची भीती असेल, भाड्याच्या घरात असाल तर हाच पर्याय बरा. घेताना तीन आकडे बघा, वॉट-अवर किती, सोलर इनपुट जास्तीत जास्त किती वॉट आणि किती व्होल्टपर्यंत, आणि एसी आउटपुट सतत किती वॉट. सोलर इनपुटचा व्होल्टेज आकडा कधीच ओलांडायचा नाही, दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होईल असं एकामागे एक जोडून नेमकं हेच होतं आणि खोकं गेलं.

पॅनल थेट इन्व्हर्टरला जोडून बॅटरी वाचवता येते का

हा प्रश्न फार येतो म्हणून वेगळा घेतोय. साध्या इन्व्हर्टरवर नाही. काय होतं बघा. स्वच्छ ऊन, पॅनल भरपूर देतंय, चार्जर मस्त चालू, लाल दिवा. मग एक छोटासा ढग सूर्यावर येतो. पॅनलचा करंट पडतो, पण चार्जर काही कमी मागत नाही, त्याला तेवढेच वॉट हवेत, मग व्होल्टेज खाली जातं, व्होल्टेज खाली गेलं म्हणून तो आणखी करंट ओढायला बघतो, आणि सेकंदाच्या आत सगळं कोसळतं. इन्व्हर्टर टूंऽऽ करून अलार्म देतो, बंद. भार गेला म्हणून पॅनलचं व्होल्टेज परत वर, इन्व्हर्टर परत चालू, चार्जर परत दणका देऊन सुरू, परत कोसळलं. ढग जाईपर्यंत हेच, आणि प्रत्येक वेळी चार्जरच्या इनपुट कपॅसिटरवर आणि रिलेवर झटका. मध्ये थोडीशी तरी बॅटरी पाहिजे, जी हे धक्के पचवेल.

याच्याशीच जोडलेली एक युक्ती, चार्जर लहान घ्या. स्कूटरचा ६७.२ व्होल्ट ५ अँपियरचा चार्जर भिंतीतून ३८० वॉटच्या आसपास ओढतो, तुमचं पॅनल उन्हात २५० देतंय, म्हणजे फरक साठवण बॅटरीतून जाणार आणि ती रिकामी होणार. त्याच व्होल्टेजचा २-३ अँपियरचा चार्जर लावला की पॅनल जेवढं देतंय तेवढ्यातच गाडी चार्ज होते, वेळ जास्त लागतो पण दुपार तशीही मोकळीच आहे. शिवाय हळू चार्ज केलेली बॅटरी कमी तापते. फक्त व्होल्टेज तंतोतंत तेच, कनेक्टरची पोलॅरिटी तीच, आणि शक्यतो गाडीच्या कंपनीने चालतो म्हणून सांगितलेलाच.

पॅनलवरून थेट गाडीच्या बॅटरीत

सगळ्यात कमी वीज वाया घालवणारा रस्ता हाच, आणि सगळ्यात जास्त डोकं लागणाराही हाच. मध्ये फक्त एक एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढून बॅटरीला हवं ते व्होल्टेज देणारा), एसी कुठेच नाही, ९० टक्क्यांच्या वर पोचतं. पण आधी हे बघा की तुमची बॅटरी यासाठी तयार आहे का. काही ब्रँडच्या बॅटऱ्या चार्जरशी डेटा लाइनवर बोलतात आणि ओळख पटल्याशिवाय चार्जच होत नाहीत, तिथे हा नाद सोडा, ओरिजिनल चार्जरच वापरा. वॉरंटी चालू असलेल्या स्कूटरला पण माझ्या मते हे करू नये. साध्या, काढता येणाऱ्या, दोन तारांच्या चार्जिंग पोर्टवाल्या सायकल बॅटरीसाठी मात्र हे उत्तम.

पहिली गोष्ट फुल चार्जचं व्होल्टेज. लिथियम-आयनमध्ये सेलला ४.२ व्होल्ट, म्हणजे ३६ व्होल्टची (१० सेल सिरीज) बॅटरी ४२ ला भरते, ४८ ची (१३ सेल) ५४.६ ला, ६० ची १६ सेलवाली ६७.२ ला, ७२ ची २० सेलवाली ८४ ला. एलएफपीला सेलमागे ३.६५, म्हणून १६ सेलची ५८.४ ला आणि २० सेलची ७३ ला. बघा, '४८ व्होल्ट' म्हणून विकलेली बॅटरी ५४.६ वाली पण असू शकते आणि ५८.४ वाली पण. चुकीचं सेटिंग केलं तर एकीत अर्धवट चार्ज आणि दुसरीत धोका. गाडीच्या ओरिजिनल चार्जरच्या लेबलवर आउटपुट व्होल्टेज छापलेलं असतं, तेच प्रमाण माना, अंदाजाने कधी नाही.

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा, फ्लोट आणि इक्वलायझेशन बंद करा, ते लेड-अॅसिडच्या चार्जिंगचे टप्पे आहेत. आणि व्होल्टेज थोडं खालीच ठेवा, ४२ ऐवजी ४१, बॅटरी जास्त वर्षं टिकते आणि रेंज किंचितच कमी होते. अधूनमधून पूर्ण भरू द्या म्हणजे बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षणाचं सर्किट) सेल सारखे करून घेतो. पण बीएमएस आहे ना, तो थांबवेल, या भरवशावर व्होल्टेज वर ठेवू नका. बीएमएस हा शेवटचा ब्रेक आहे, रोजचा नाही. तसंच चार्जिंग पोर्टमधूनच चार्ज करायचं, मोटरच्या तारांवरून नाही, कारण काही बॅटऱ्यांमध्ये ओव्हरचार्जचं संरक्षण फक्त चार्जिंग पोर्टवरच असतं.

आता कंट्रोलर कुठला. साधा पीडब्ल्यूएम (स्वस्तातला, नुसता चालू-बंद करणारा) इथे कामाचा नाही, तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि पॅनलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असेल तर काहीच करत नाही. एमपीपीटीमध्ये दोन जाती. बक, म्हणजे पॅनलचं व्होल्टेज जास्त आणि बॅटरीचं कमी. बूस्ट, म्हणजे पॅनलचं कमी आणि बॅटरीचं जास्त. सायकल-स्कूटरवाले बहुतेक बूस्ट वापरतात कारण एक-दोन पॅनलमध्ये काम होतं. छोटं ३६ सेलचं पॅनल चालताना १८ व्होल्ट आणि उघडं सोडलं तर २२ च्या आसपास देतं. ४०० वॉटच्या आसपासचं १०८ हाफ-कट सेलवालं चालताना ३१, उघडं ३७. ५४० च्या आसपासचं १४४ सेलवालं चालताना ४१, उघडं ४९-५०.

बूस्टमधला सापळा नीट समजून घ्या, मला तरी हीच सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. बूस्ट कंट्रोलर फक्त व्होल्टेज वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. पॅनलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की करंट आतल्या कॉइल आणि डायोडमधून सरळ बॅटरीत जात राहतो, कंट्रोलरचा त्यावर ताबा राहत नाही. म्हणजे ३६ व्होल्टची बॅटरी (रिकामी ३० च्या आसपास, भरलेली ४२) आणि ४९ व्होल्टचं मोठं पॅनल बूस्टला जोडलं तर बॅटरी भरल्यावरही चार्जिंग थांबणार नाही, वाचवलं तर बीएमएसने. नियम साधा, बूस्टसाठी पॅनलचं उघडं व्होल्टेज हे बॅटरीच्या सगळ्यात रिकाम्या अवस्थेपेक्षाही खाली पाहिजे. थंडीत पॅनलचं व्होल्टेज आणखी वाढतं, गार सकाळी १० टक्क्यांच्या आसपास, तेवढी जागा ठेवा. त्यामुळे ३६ आणि ४८ च्या सायकलला उघडं २२ व्होल्टवालं छोटं पॅनल, ६० च्या स्कूटरला ३७ वालं, ७२ च्या स्कूटरला ४९-५० वालं पण गार हवेतलं गणित करूनच. पॅनल मोठंच पडलंय घरात आणि बॅटरी ३६ ची आहे? मग बूस्ट नको, बक घ्या, आणि तो ४२ व्होल्टवर थांबवता येणारा आहे ना ते बघा.

जोडायचा क्रम, आधी बॅटरी मग पॅनल. कंट्रोलरला आधी कळलं पाहिजे समोर किती व्होल्टची बॅटरी आहे ते. काढताना उलट, आधी पॅनल मग बॅटरी. पॅनलवर एखादी जाड चादर टाकून काढलं तर आणखी चांगलं.

वायर, फ्यूज, ठिणगी

वायरमध्ये लोक पैसे वाचवतात आणि मग पॅनल कमी देतंय म्हणून कुरकुर करतात. १८ व्होल्टचं पॅनल, १० अँपियर, गच्चीपासून खालपर्यंत १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तरी रेझिस्टन्स ०.०८६ ओहम येतो, ०.८६ व्होल्ट वाटेतच गेले, पावणेपाच टक्के. आता तेवढ्याच वॉटची वीज दोन छोटी पॅनल सिरीजमध्ये लावून ३६ व्होल्ट ५ अँपियरने आणा, त्याच वायरमध्ये वाया जाणारे वॉट चौथ्या हिस्स्यावर येतात. म्हणून लांब अंतर असेल तर व्होल्टेज वाढवा, करंट कमी करा, अर्थात वरचा बूस्टचा नियम सांभाळून. दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर उन्हात टाकायची नाही, सोलरची डबल इन्सुलेशनवाली वेगळी येते तीच घ्या.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या अगदी जवळ. कारण शॉर्ट झाल्यावर वायर जाळण्याएवढा करंट एका-दोन पॅनलमधून येत नाही, बॅटरीतून येतो. आणि स्विच, एमसीबी सगळं डीसी रेटिंगचं. एसी करंट सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा शून्यावरून जातो त्यामुळे ठिणगी आपोआप विझते, डीसीला शून्यच नाही, ती ठिणगी धरून बसते आणि एसीचा एमसीबी आतून जळून जातो. एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरला असतात ते) भर उन्हात चालू करंटवर ओढून काढायचे नाहीत, याच कारणाने.

पॅनल लावायचं कसं

उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. तिरकेपणा म्हणजे तुमच्या ठिकाणचा अक्षांश जेवढा तेवढे अंश. ५-१० अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, त्यावर वाद घालत बसू नका. सावलीवर मात्र जीव तोडून लक्ष द्या. पॅनलमधले सेल माळेत असतात, साधारण तीन भागांत, प्रत्येकाला एक बायपास डायोड, सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारा. एका कोपऱ्यावर अँटेनाच्या पाइपची किंवा वाळत घातलेल्या कपड्याची सावली आली की एक सेल गेला असं होत नाही, तो अख्खा भाग बाजूला पडतो, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. बूस्टला जोडलेल्या छोट्या पॅनलवर तर चार बोटांची सावली पण मीटरवर लगेच दिसते, हात आडवा धरून बघा एकदा.

पॅनलच्या मागे हवा खेळायला चार इंच तरी मोकळी जागा ठेवा. पत्र्यावर चिकटवलेलं पॅनल भट्टीसारखं तापतं.

आता गाडीवरच पॅनल लावायचं का? डोक्यात सगळ्यांच्या येतं. होतं, अशक्य नाहीये, २०१३ साली 'द सन ट्रिप' या सायकल सफरीत लोक सोलर लावलेल्या सायकली घेऊन फ्रान्सहून कझाकस्तानच्या अस्तानापर्यंत गेलेत. पण त्यांच्या सायकलींवर नाहीतर मागच्या ट्रेलरवर चांगली मोठी पॅनल असतात आणि ते दिवसभर उघड्या रस्त्यावर असतात. १०० वॉटच्या पॅनलला साधारण अर्धा चौरस मीटर जागा लागते. रोजच्या वापरात झाडं, इमारती, आडवं ठेवलेलं पॅनल, आणि पार्किंग सावलीत, त्यामुळे लेबलच्या अर्धंही पदरात पडेल असं नाही, वर आडवा वारा आला की सायकल हातात राहत नाही. दोनचाकीला मी तरी नको म्हणेन. तीनचाकीच्या टपावर जागा असते, दीड-दोन चौरस मीटर म्हणजे ३००-४०० वॉट, दिवसभर उन्हात उभी-फिरती गाडी असेल तर दिवसाचे काही किलोमीटर खरंच सुटतात. चिकटवायची लवचीक पॅनल वजनाला हलकी पण टपावर हवा न मिळाल्याने तापतात आणि काचेच्या पॅनलएवढी टिकत नाहीत.

आणि गाडी दुपारी घरी नसेलच तर

सायकलवाल्यांना सोपं उत्तर आहे, दुसरी बॅटरी. एक गाडीत, एक घरी पॅनलवर, रोज अदलाबदल. साठवण बॅटरीवर खर्च करायचा तोच इकडे करा, कारण ही साठवणच आहे, फक्त चाकांवर चालणारी, आणि मधला इन्व्हर्टर-चार्जरचा सगळा पसारा वाचतो. वर रेंज दुप्पट हवी त्या दिवशी दोन्ही घेऊन जाता येतं. काढता येणारी बॅटरी असलेल्या स्कूटरलाही हेच लागू, वजन उचलायची तयारी असेल तर. बॅटरी फिक्स असेल तर साठवण किंवा कामाच्या ठिकाणी प्लग. किंवा सुट्टीच्या दोन दिवसांत सोलरवर भरून घ्या आणि मध्ये लागेल तसं साधं चार्जिंग. रोज कमी फिरणाऱ्याला एवढंही पुरतं, सगळं शंभर टक्के सोलरवरच झालं पाहिजे असा हट्ट धरला की बजेट तिप्पट होतं.

एकटी बॅटरी घरी चार्ज करताना ती पॅनलखाली उन्हात ठेवू नका. पॅनल उन्हात, बॅटरी सावलीत, मध्ये वायर. सेल ४५ अंशाच्या वर गेले की चार्ज करायचं नाही आणि शून्याच्या खाली असताना तर अजिबातच नाही, आतमध्ये लिथियमचा थर जमतो आणि तो परत जात नाही. गाडी चालवून आल्यावर बॅटरी गरम असते तेव्हा अर्धा-एक तास थांबा. जिन्याच्या तोंडाशी, दाराच्या वाटेवर, गादी-पडद्यांजवळ चार्जिंग नको, फरशीवर मोकळ्या जागेत. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात गेलेली बॅटरी तर कुठल्याच चार्जरला लावायची नाही, सोलर असो की भिंत.

सगळं चालू झालं की कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा दिवसाचा वॉट-अवरचा आकडा आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. ऊन तसंच आणि आकडा हळूहळू उतरतोय तर धूळ बसलीय, सकाळी पॅनल गार असताना साध्या पाण्याने धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आकडा एका दिवसात तिसऱ्या हिश्शाने पडला तर कुठून नवीन सावली आली का बघा, नसेल तर एखादा भाग डायोडवर गेलाय. आणि कनेक्टरला बाहेरून हलकेच हात लावून बघा, वायर कोमट आणि कनेक्टर चटका देतोय तर आत जोड सैल आहे, पॅनलवर चादर टाका, आधी पॅनल मग बॅटरी सोडवा, आणि तो कनेक्टर कापून नवीन बसवा.